आजोबांना कुणी विचारलं नाही

तबक माझ्या मांडीवरून गेलं.

स्टीलचं तबक. त्यात बोटाएवढे कागदी पेले, प्रत्येकात घोटभर पाणी. मॉर्मन चर्चमध्ये वाइन नसते, पाणीच असतं. दर रविवारी आधी पावाचे तुकडे फिरतात, मग हे पाणी. आपण एक पेला घ्यायचा, प्यायचा, आणि तबक शेजारच्याकडे द्यायचं.

मला घ्यायची बंदी होती. बिशोफनी, म्हणजे तिथल्या प्रमुखांनी, घातलेली. का, ते पुढे सांगते. पण तबक पुढे द्यायला बंदी नव्हती. निदान मला तसं वाटत होतं. उजवीकडून एका बाईने तबक माझ्यासमोर धरलं. मी ते धरायला हात पुढे केला.

डावीकडे श्वेस्टर हार्टविग बसल्या होत्या. श्वेस्टर म्हणजे बहीण, ब्रुडर म्हणजे भाऊ. तिथे सगळेच एकमेकांचे भाऊ-बहीण असतात. त्या वाकल्या आणि माझ्या हातावरून तबक उचलून स्वतःकडे घेतलं. हळूच म्हणाल्या, "तू हात नको लावूस. मी घेते."

प्रेमाने म्हणाल्या. मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

उजवीकडच्या बाईची छोटी मुलगी होती, बालवाडीच्या वयाची. तिने आईला विचारलं, "तिला का नाही?"

आई म्हणाली, "श्श."

मी हात परत मांडीवर ठेवला. मला काही वाटलं नाही. खरं सांगते, काहीच नाही. रागही नाही. फक्त हात गार पडला होता आणि खोलीत हीटिंग चालू होतं. हात नको लावूस. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलेलं. आजोबांच्या गोष्टीत, बाबांच्या गोष्टीत. मराठीत ऐकलं होतं. जर्मनमध्ये पहिल्यांदा ऐकत होते.

मी अकोला जिल्ह्यातली. बौद्ध घरातली. बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आई अंगणवाडीत. मी जर्मनीत ब्राउनश्वाइगला पीएचडीसाठी आले आणि नंतर तिथल्याच एका इन्स्टिट्यूटमध्ये बॅटरीवर काम करायला लागले. अजून करते.

पहिल्या हिवाळ्यात मला कुणीच नव्हतं. युनिव्हर्सिटीतल्या एका मुलाने एका मराठी जोडप्याकडे नेलं. पुण्याचे. दिवाळीचा फराळ होता. वहिनींनी आग्रहाने चकली वाढली. छान गप्पा चालल्या होत्या. मग त्यांनी विचारलं, "आडनाव काय म्हणालीस?"

मी सांगितलं.

"अच्छा," त्या म्हणाल्या. थोडं थांबून, "मग तुला सरकारी स्कॉलरशिप असेल ना? बरं असतं तुमचं."

एवढंच. कुणी ओरडलं नाही, कुणी हाकललं नाही. गप्पा पुन्हा सुरू झाल्या, माझ्याशिवाय. मी चकली संपवली, ताटली धुऊन ठेवली आणि निघाले. परत गेले नाही. कुणी बोलावलंही नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी श्ट्रासनबानच्या, म्हणजे ट्रामच्या, स्टॉपवर दोन अमेरिकन मुली भेटल्या, मॉर्मन प्रचारक. लांब स्कर्ट, छातीवर काळी नावाची पट्टी. माझ्या हातात तांदळाची पिशवी होती. एकीने न विचारता ती उचलली आणि माझ्या दारापर्यंत आणली. म्हणाली, आमच्याकडे बुधवारी जर्मन बोलायचा सराव असतो, फुकट, ये.

मी गेले. तिथे सगळ्यांनी माझं नाव विचारलं. आडनाव त्यांनी वाचलं आणि म्हणायचा प्रयत्न केला, जमलं नाही, हसले. त्या आडनावाचा अर्थ त्या खोलीत कुणालाही माहीत नव्हता. हे किती मोठं होतं ते ज्याला आडनावाचं ओझं नाही त्याला सांगून कळणार नाही. मला वाटलं, इथे मी नुसती एक माणूस आहे.

वर्षभराने मी बाप्तिस्मा घेतला. पांढरे कपडे, टाइल्सचं कुंड, कोमट पाणी. पूर्ण बुडवतात. वर आले तेव्हा श्वेस्टर हार्टविग टॉवेल घेऊन उभ्या होत्या. त्या निवृत्त नर्स. केस पुसता पुसता म्हणाल्या, "आता तू आमची."

बाबांना फोनवर सांगितलं. 

"कोनं जबरदस्ती केली?"

"नाही बाबा."

"तुह्या मनानं केलं न?"

"हो."

"मंग ठीक हाय. माह्या बापानं बी त्याच्या मनानंच केलं होतं."

मग मी सांगितलं की या धर्मात चहा-कॉफी चालत नाही, तेव्हा मात्र ते चिडले. "चहा काऊन सोडा लागते बाप्पा? चहानं कोनाचं काय केलं?" आणि हसले. बाबांचा विरोध एवढाच. चहापुरता.

त्यांच्या बापाची, म्हणजे माझ्या आजोबांची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ होती. आजोबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. घरी आल्यावर देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि पूर्णा नदीत सोडले. दुसऱ्या दिवशी पाटलाचा माणूस आला, बैल मेलाय, ओढायला चल म्हणाला. आजोबा म्हणाले, आता नाही. तो म्हणाला, तुझ्या बापाने ओढले. आजोबा म्हणाले, त्याला कुणी विचारलं नव्हतं. मला विचारतोयस, मी नाही म्हणतोय.

गावाने त्यांचं पाणी तोडलं. दुकानदाराने मीठ दिलं नाही. आजी दोन कोस चालून मीठ आणायची. आजोबांनी शब्द मागे घेतला नाही. मी त्यांना पाहिलेलं नाही. पण त्या घरात वाढले.

श्वेस्टर हार्टविगना वंशावळीचा फार नाद. मॉर्मन लोकांत तो असतोच. त्यांचे स्वतःचे पूर्वज त्यांनी सोळाव्या शतकापर्यंत शोधले होते. एका रविवारी त्यांनी माझे विचारले. मी बाबांचं नाव सांगितलं, आजोबांचं सांगितलं, पणजोबांचं फक्त पहिलं नाव. त्यापुढे थांबले.

"आणि त्यांच्या आधी?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. आमचं कुणी लिहून ठेवलं नाही."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता लिहिलं जाईल," त्या म्हणाल्या. मला बरं वाटलं होतं. खूप बरं वाटलं होतं.

मग बाबा गेले. अटॅक. आईचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होते. मिळालं त्या विमानाने निघाले, तरी पोचले तेव्हा अंत्यविधी होऊन गेला होता. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम विहारात होता. पांढरी साडी नेसून मी आईशेजारी बसले. भन्तेजी म्हणत होते, आम्ही मागून म्हणत होतो. त्रिशरण, पंचशील. मला वाटलं होतं, विसरले असेन. एक अक्षर विसरले नव्हते. जलदानाच्या वेळी आईने आणि मी मिळून तांब्या धरला. पाणी हळूहळू वाटीत पडत होतं, काठावरून खालच्या ताटात येत होतं. मग मी मूर्तीपुढे गुडघे टेकले, डोकं जमिनीला लावलं. बाबांसाठी. तेवढाच वेळ मला रडू आलं.

ब्राउनश्वाइगला परतले. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये कुणीही उठून माइकवर बोलू शकतं, आपल्या विश्वासाबद्दल. मी उठले. बाबांबद्दल बोलले. विहारात डोकं टेकलं तेही बोलले. लपवण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं.

दोन दिवसांनी बिशोफनी बोलावलं. बिशोफ म्हणजे पगारी धर्मगुरू नव्हे. आठवडाभर ते इन्शुरन्सच्या ऑफिसात काम करायचे. साधे, नीटनेटके गृहस्थ. छोटी खोली, दार लावलेलं, टेबलाच्या पलीकडे ते, अलीकडे मी.

"तुमच्या वडिलांबद्दल वाईट वाटलं," ते म्हणाले. मग म्हणाले, "तुम्ही मूर्तीपुढे गुडघे टेकलेत."

"हो."

"प्रार्थना केलीत?"

"आम्ही प्रार्थना करत नाही. आम्ही शील घेतो."

"आम्ही म्हणजे कोण?"

 मला उत्तर येत नव्हतं.

त्यांनी विचारलं, जे केलं ते चूक होतं असं मी म्हणू शकते का. परत तसं करणार का. बाहेर सायकलच्या स्टँडला कुणीतरी कुलूप लावत होतं, तो आवाज मी ऐकत बसले. ते म्हणाले, मग काही काळ पाव आणि पाणी घेऊ नका. शिक्षा समजू नका. मन स्वच्छ होण्यासाठी वेळ समजा.

मी मान हलवली. हो म्हणून. का हलवली, माहीत नाही. त्या दिवसांत मी सगळ्यालाच मान हलवत होते. ऑफिसात, दुकानात, आईला फोनवर. बाबा गेल्यापासून आत काही हलतच नव्हतं.

त्यानंतर दर रविवारी मी जायची. तबक यायचं, मी न घेता पुढे द्यायची. लोक बघायचे नाहीत. न बघण्याचा प्रयत्न करायचे, आणि तो प्रयत्न दिसायचा. इस्त्रीचे कपडे घालून तिथे बसायचं आणि सगळ्यांसमोर आपण मलीन आहोत हे कबूल करायचं. मी का जात राहिले? दुसरीकडे कुठे जाणार होते? त्या शहरात रविवारी माझी वाट बघणारी तेवढी एकच जागा होती.

आणि मग तो रविवार. हात नको लावूस.

सभा संपल्यावर श्वेस्टर हार्टविगनी मला दारात गाठलं. "आज तुला जड गेलं ना? चल, जेवायला आमच्याकडे. तुझ्यासाठी काहीतरी आहे."

मी गेले. त्यांचं घर जवळच होतं. त्यांचे यजमान, ब्रुडर हार्टविग, निवृत्त इंजिनिअर, अबोल माणूस. बटाट्याचं सॅलड होतं, भाजलेला मासा होता. जेवण झाल्यावर श्वेस्टर हार्टविगनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

"आम्ही टेम्पलला जाऊन आलो," त्या म्हणाल्या. "तुझ्या वडिलांचं झालं. आणि आजोबांचंही."

मला कळलं. तरी विचारलं, "काय झालं?"

"बाप्तिस्मा. ह्यांनी स्वतः घेतला, त्यांच्या वतीने."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मॉर्मन लोक मेलेल्यांनाही बाप्तिस्मा देतात, त्यांच्या मोठ्या मंदिरात, म्हणजे टेम्पलमध्ये. मेलेल्याचं नाव घेतात आणि त्याच्या जागी एका जिवंत माणसाला पाण्यात बुडवतात. पलीकडे त्या आत्म्याला ते स्वीकारता येतं, असं ते मानतात.

ब्रुडर हार्टविग लाजून हसले. "नावं अवघड होती," ते म्हणाले. "आजोबांच्या वेळी विधी करणाऱ्याला नाव परत म्हणावं लागलं. मला परत बुडवलं."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. सत्तरी ओलांडलेला गोरा माणूस. पांढरे, मऊ केस. हा माझे आजोबा होऊन पाण्यात उतरला होता.

"कुणाला विचारलं?" मी म्हणाले.

"काय?"

"कुणाला विचारून केलं?"

श्वेस्टर हार्टविगचा चेहरा जरा गोंधळला. "तू नावं दिली होतीस ना. आणि तू सध्या... तुला सध्या टेम्पलमध्ये जाता येत नाही. म्हटलं, तुझ्यासाठी आपण करावं. तू एकटी आहेस. आता तुझं कुटुंब कायमचं एकत्र राहील."

त्यांचे हात ऊबदार होते. मी माझे हात काढून घेतले. कोट घातला. "जेवणाबद्दल आभार," म्हणाले. त्या दारापर्यंत आल्या. "तू खूश नाहीस?" त्यांनी विचारलं. मला वाटतं, त्या रडणार होत्या. मी जिना उतरले.

घरी येऊन आईला फोन केला. सगळं सांगितलं.  मागे कुकरची शिट्टी झाली. आईने गॅस बंद केल्याचं ऐकू आलं.

"कोन होता तो मानूस?"

"एक म्हातारा आहे. चांगला माणूस आहे."

"चांगला असो नाही तर कसाही असो. मले विचारलं काय त्यानं? मी जिती हाय न अजून."

"नाही विचारलं."

"त्याले सांग, माह्या नवऱ्याचं नाव त्याच्या तोंडानं घेऊ नको म्हना." मग जरा वेळाने, "अन् तुह्या आबाजीनं पान्याचे हाल काढले, पन कोनापुढं वाकला नाही. त्याले मेल्यावर वाकवलं व्हय तुमी?"

तुमी, म्हणाली. त्यांनी, नाही. तुमी. मी पण त्यात.

ते लागलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी लागलं. बिशोफच्या खोलीत मला ज्या प्रश्नाचं उत्तर आलं नव्हतं, ते आईने एका शब्दात दिलं. मी चर्चच्या बाजूला बसले होते. माझं नाव त्या बाजूला लिहिलेलं होतं.

आईचा फोन ठेवला आणि राजीनामा लिहिला. चार ओळी. मी माझं सदस्यत्व सोडत आहे. आजपासून मला सदस्य समजू नये. माझं नाव काढावं. कुणी समजूत घालायला येऊ नये. खाली आणखी एक ओळ: माझ्या वडिलांच्या आणि आजोबांच्या नावाने जे केलं आहे ते रद्द करावं, ही विनंती.

मला वाटलं, जर्मनीत धर्म सोडायचा तर सरकारी शिक्का लागतो. मोठ्या चर्चच्या लोकांना लागतो. म्हणून मी सुट्टी काढून श्टांडेसआम्टमध्ये, सरकारी नोंदणी कचेरीत, गेले. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "कॅथलिक की प्रोटेस्टंट?"

"मॉर्मन."

त्यांनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. शेजारणीला विचारलं. मग मला विचारलं, "तुमच्या पगारातून किर्शनश्टॉयर कापला जातो?" म्हणजे चर्चचा कर.

"नाही."

"मग आमच्या दृष्टीने तुम्ही कशातच नाही. थेट त्यांनाच लिहा. पोहोच मिळेल असं पाठवा." मग माणसासारखं बघून म्हणाल्या, "अवघड आहे का?"

"नाही," मी म्हणाले. आणि पोस्टात गेले.

कुणी येऊ नये लिहिलं होतं, तरी बिशोफ आले. शनिवारी सकाळी. बरोबर ब्रुडर हार्टविग. मी त्यांना आत घेतलं, खुर्च्या दिल्या. मी उभीच राहिले.

बिशोफ म्हणाले, नावांच्या बाबतीत घाई झाली. जवळच्या नातेवाइकाला आधी विचारायचा नियम आहे, तो पाळायला हवा होता. त्याबद्दल त्यांना खेद वाटतो. पण हेतू प्रेमाचा होता.

"मग रद्द करा," मी म्हणाले.

"ते आमच्या हातात नाही. आणि तशी गरजही नाही. आपण फक्त दार उघडतो. तुमच्या आजोबांना नको असेल तर ते तिकडे नाकारू शकतात."

"त्यांनी इकडेच नाकारलं होतं. जिवंतपणी. सगळ्या गावासमोर."

"पण आपलं चर्च त्यांना माहीतच नव्हतं."

"त्यांच्या वतीने ठरवणारे त्यांना माहीत होते."

ते आवाज मऊ करून म्हणाले, "तुम्ही इथे आलात तेव्हा तुम्हाला कुणीही नव्हतं. आम्ही तुम्हाला जवळ घेतलं. हे सगळं तुम्ही सोडणार? आता दुःखात आहात. दुःखात असे निर्णय घेऊ नयेत."

यातलं एक खरं होतं. त्यांनी जवळ घेतलं होतं. तांदळाची पिशवी उचलली होती, केस पुसले होते. ते मी नाकारत नाही. पण जवळ घेण्याच्या बदल्यात माझ्याकडून माझी माणसं घ्यायची, असं काही ठरलेलं नव्हतं.

"तुम्ही विचारलं होतं, आम्ही म्हणजे कोण," मी म्हणाले. "माझे वडील. माझे आजोबा. माझी आई. मी. आम्ही म्हणजे हे. आता तुम्ही जा."

बिशोफ उठले. त्यांनी हात पुढे केला नाही, मीही नाही. ब्रुडर हार्टविग बसूनच होते. खाली बघून म्हणाले, "मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, मी त्यांना काहीतरी देतोय."

"त्यांचं नाव नीट म्हणता येतं तुम्हाला?" मी विचारलं.

ते उठले आणि बिशोफच्या मागून गेले.

काही आठवड्यांनी चर्चचं पाकीट आलं. तुमच्या इच्छेनुसार तुमचं नाव सदस्यांमधून काढलं आहे. पुन्हा यावंसं वाटलं तर दार उघडं आहे. बाबा आणि आजोबांबद्दल एक ओळ होती: पार पडलेला विधी मागे घेता येत नाही.

वाचून मला हलकं वाटलं नाही. मोकळं वाटलं नाही. रविवारी मी उठते, कपडे धुते, भाजी चिरते. दुपार लांब असते. कुणी येत नाही. शेजारच्या इमारतीत आता एक मराठी जोडपं राहायला आलंय, जिन्यात भेटतात, हसतात. परवा त्यांनी नाव विचारलं. मी नाव सांगितलं आणि लगेच आडनावही सांगितलं, पूर्ण, त्यांनी विचारायच्या आधी. बौद्ध आहे, तेही सांगितलं. ते काय म्हणतात ते बघायला मी थांबले नाही.

मी श्रद्धाळू नाही. कुठल्या विहाराचीही मी रोजची नाही. पण मी कोण, हे दुसऱ्या कुणी लिहायचं नाही. माझ्याबद्दल नाही, माझ्या मेलेल्या माणसांबद्दल नाही. प्रेमाने तर अजिबात नाही.

आईने आता स्वतः लिहून दिलंय. मराठीत, अंगणवाडीच्या वळणदार अक्षरात. मी कायदेशीर पत्नी, मी हयात आहे, मला विचारलेलं नाही, माझी परवानगी नाही. सासऱ्यांच्या वतीनेही तिनेच सही केली आहे. मी त्याचं जर्मन केलं, शब्दाला शब्द, आणि दोन्ही चर्चला लिहिलेल्या नव्या पत्राला जोडले. नाही म्हणाले तर वकील बघितलाय. वकील म्हणतो, मेलेल्यांच्या बाबतीत कायदा लंगडा आहे, हातात काही लागेल असं नाही. मी म्हटलं, तरी लिहू.

माझं नाव निघालं. त्यांची दोन अजून तिथेच आहेत. उत्तर येईल, मी परत लिहीन. नकार येईल, मी परत लिहीन. पहिल्या पत्रात मी विनंती लिहिलं होतं. या पत्रात मागणी लिहिलंय.